महालक्ष्म्यांचे तिन्ही दिवस मुलांना मिळू द्या

आईबाबांनो,

भाद्रपद जवळ आला की पुण्या-मुंबईत, बंगळुरात, हैदराबादेत राहणाऱ्या नागपूरकर घरांत एक बोलणं हमखास निघतं. यंदा महालक्ष्म्यांना किती दिवस जायचं? मुलांची घटक चाचणी असते, ऑफिसात सुट्टी मिळत नाही, गाडीचं वेटिंग हलत नाही. मग बहुतेक ठिकाणी मधला मार्ग निघतो. पूजेच्या दिवशी सकाळी पोचायचं, पुरणाचं जेवण करायचं, सगळ्यांना भेटायचं आणि रात्रीच्या गाडीने परत फिरायचं. तुमची ओढाताण मला कळते. तरीही आज याच विषयावर मनातलं बोलायचं आहे, कारण या मधल्या मार्गात सगळ्यांत जास्त गमावतं ते तुमचं मूल. तुमची भावाबहिणींशी गाठ एका जेवणात पडू शकते. तुम्ही एका घरात वाढलेले आहात, कुठूनही बोलणं सुरू होतं. मुलांचं तसं नाही. वर्षभरानंतर समोर आलेल्या चुलत भावंडाशी काय बोलायचं, हे कळायलाच त्यांना एक संध्याकाळ लागते. आणि ते कळेपर्यंत तुमची निघायची वेळ झालेली असते.

महाराष्ट्रात इतर बऱ्याच ठिकाणी ज्यांना गौरी म्हणतात, त्या आपल्या विदर्भात महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, आणि बऱ्याच घरी सोबत त्यांची लेकरंही. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांची पूजा होते आणि मूळ नक्षत्रावर त्यांची पाठवणी. सण नक्षत्रावर चालत असल्यामुळे तारीख दरवर्षी सरकते. 2023 मध्ये तो 21 ते 23 सप्टेंबरला होता, 2024 मध्ये 10 ते 12 सप्टेंबरला आणि 2025 मध्ये 31 ऑगस्ट ते 2 सप्टेंबर, म्हणजे रविवार, सोमवार, मंगळवार. शनिवार-रविवार बघून महालक्ष्म्या येत नाहीत. म्हणूनच त्यांच्यासाठी वेळ काढावा लागतो, उरलेल्या वेळात त्या बसत नाहीत.

नागपूरच्या जुन्या कुटुंबांत हा सण एकट्याने करायचा नसतो. महालक्ष्म्या बहुधा थोरल्या घरी असतात. काही कुटुंबांनी भावाभावांत वर्षं वाटून घेतलेली असतात, यंदा मोठ्याकडे, पुढल्या वर्षी मधल्याकडे. कुठेही असोत, बाकीच्यांनी तिथे जमायचं. लग्नामुंजीला आमंत्रण लागतं, इथे लागत नाही. घरच्या माणसाला कोण आमंत्रण देणार? मुलाला ही गोष्ट एकदा उमगली पाहिजे, की या जगात एक दार असं आहे जिथे त्याला कुणी बोलवावं लागत नाही आणि तो का आला असंही कुणी विचारणार नाही. हे सांगून उमगत नाही. तिथे राहून उमगतं.

पहिला दिवस घ्या. दुपारपासून घर उलटंपालटं झालेलं असतं. माळ्यावरच्या पेट्या उतरतात, पत्र्याच्या कोठ्या पुसून त्यांत गहू-तांदूळ भरले जातात, आरास सुरू होते, वर फुलोरा टांगायची तयारी चालते. साड्या नेसवणं हे तर बघण्यासारखं काम. कोठीला ना कंबर ना खांदा. पदर घसरतो, निऱ्या फुगतात. एकीने निऱ्या धरून बसायचं, दुसरीने टाचण्या लावायच्या आणि तिसरीने दूर उभं राहून "डाव्या बाजूची थोडी खाली, अजून थोडी" असं सांगत राहायचं. एका वर्षी आमच्याकडे निऱ्या धरायला माणूस कमी पडलं म्हणून पुण्याहून आलेल्या शाळकरी पुतण्याला बसवलं. थोडा वेळ तो चुळबुळला. मग उठून गच्चीवर गेला आणि कपडे वाळत घालायचे चिमटे घेऊन आला. निऱ्यांना खालून ओळीने चिमटे लावले, पदर नीट बसेपर्यंत तसेच ठेवले आणि मग एकेक काढून घेतला. निरी हलली नाही. आमची मोठी आई, म्हणजे थोरली काकू, म्हणाली, "इतक्या वर्षांत आम्हाला काहून सुचलं नाही रे हे?" तेव्हापासून ते काम त्याचं. आता तो नागपुरात पाय ठेवला की आधी चिमटे मोजून घेतो. त्याच्या आईचं म्हणणं, घरी याला पाण्याची बाटली भर म्हणून दहादा सांगावं लागतं. इथे एकदाही सांगावं लागत नाही, कारण इथे त्याच्यावाचून अडतं.

संध्याकाळी मुहूर्तावर मुखवटे आत येतात. तुळशीपासून रांगोळीची पावलं काढलेली असतात. मुखवटे हातात घेतलेल्या सुना पावलापावलाने पुढे सरकतात, मागून ताट-चमच्यांचा गजर होतो आणि महालक्ष्म्यांना सगळं घर दाखवलं जातं. हे स्वयंपाकघर, हे धान्य, ही कपाटं, ही मुलांची पुस्तकं. त्या रात्री भाजी-भाकरीचा साधा नैवेद्य. मग बिछायतवाल्याकडून आणलेल्या गाद्या दिवाणखान्यात ओळीने पडतात आणि सगळी पोट्टी एका रांगेत झोपायला जातात. झोपतात कसली! मुलांची खरी ओळख त्या गाद्यांवर होते. कोणाच्या शाळेत काय चालतं, कोण कोणावर चिडलं, कोणाला अंधाराची भीती वाटते, हे सगळं दिवे मालवल्यावर बाहेर येतं. पूजेच्या दिवशी सकाळी पोचणाऱ्या मुलाला ही रात्र मिळत नाही. तो येतो तेव्हा बाकीच्यांची टोळी जमून गेलेली असते. मग तो आईच्या पदराशी नाही तर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो आणि आपण म्हणतो, "आमचा जरा लाजाळू आहे."

दुसरा दिवस पूजेचा आणि पंगतीचा. पहाटेपासून चण्याची डाळ शिजत असते, पुरणयंत्र फिरत असतं. ज्वारीची आंबील, कढी, वडे, भजी, पंचामृत, पुरणपोळ्या, पुरणाचेच दिवे आणि सोळा भाज्या. या सोळा भाज्यांची खरेदी ही मुलांसाठी एक सफरच असते. कॉटन मार्केटात किंवा गोकुळपेठच्या बाजारात त्यांना सोबत न्या. हातात यादी द्या आणि भाज्या त्यांनाच ओळखायला लावा. पुण्यात वाढलेल्या पोराने भाजीवालीकडे कोथिंबीर मागितली आणि तिने "सांबार पायजे का?" असं विचारलं की तो गोंधळतो, मग हसतो आणि घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटतो. जमलं तर एखाद दिवस आधी येऊन महाल भागातल्या चितार ओळीतही त्याला फिरवून आणा. गणपतीच्या मूर्ती, महालक्ष्म्यांचे मुखवटे घडवणारे, रंगवणारे हात तिथे दिसतात. मुखवट्याचे डोळे रेखणारा कारागीर एकदा बघितला, की घरच्या मुखवट्यांकडे मूल वेगळ्या नजरेने बघतं.

पंगतीत मुलांना वाढायला लावा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे. वाढणाऱ्याने सुरुवात कुठून करायची, म्हाताऱ्या आजोबांना पोळी कुस्करून कशी द्यायची, नको म्हणणाऱ्याला किती आग्रह करायचा आणि कुठे थांबायचं, हे कुठल्याही शिबिरात शिकवत नाहीत. आणि पानावर बसलेल्या प्रत्येकाला वाढता वाढता मुलाला नाती कळतात. "हे तुझ्या बाबांचे मोठे बाबा, ह्या त्यांच्या आत्या, हे त्यांचे मावसभाऊ, उमरेडहून आले." तोंडपाठ करून हे लक्षात राहत नाही. ज्याच्या वाटीत आपण कढी वाढली, तो माणूस लक्षात राहतो.

तिसरा दिवस. बहुतेक पाहुणे गेलेले असतात आणि उरलेल्यांचं लक्षही सामानाकडे असतं. पण मला विचाराल तर मुलांसाठी सगळ्यांत मोलाचा दिवस हाच. सकाळी सोळा पदरी दोऱ्याच्या गाठी होतात. संध्याकाळी हळदीकुंकू. मुखवटे हलवून त्यांचा निरोप घेतला जातो, मग ते पुसून मऊ कापडात गुंडाळून पेटीत जातात, कोठ्या रिकाम्या होतात, दागिने मोजून डब्यात पडतात. या आवराआवरीत घरची मोठी माणसं दोन दिवसांत पहिल्यांदा टेकलेली असतात. कामाची घाई संपलेली, हात सवयीने चाललेले आणि तोंड मोकळं. तेव्हा गोष्टी निघतात. महालातला वाडा कसा होता, कुणाच्या लग्नात पाऊस कसा कोसळला, कोणत्या वर्षी पैसा नव्हता म्हणून चारच भाज्या झाल्या आणि आजीने त्या चारांचीच सोळा वेळा नावं घेतली. ज्या कुटुंबाने रात्रीची गाडी पकडली, त्यांच्या मुलांनी महालक्ष्म्या पाहिल्या आणि पुरणपोळी खाल्ली. या गोष्टी मात्र त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत.

या गोष्टींचं मोल मी मनाने ठरवून सांगत नाही. अमेरिकेत अटलांटा इथल्या एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी या शतकाच्या सुरुवातीला मुलांना आपल्या कुटुंबाविषयी 20 प्रश्न विचारले. आजी-आजोबा कुठे वाढले, आईवडील एकमेकांना कसे भेटले, तुझं नाव असं का ठेवलं, घरावर कोणतं मोठं संकट आलं होतं, असे हे प्रश्न. ज्या मुलांना यांची उत्तरं जास्त येत होती, त्यांचा स्वतःवरचा विश्वास अधिक होता आणि आपलं आयुष्य आपल्या हातात आहे ही भावनाही अधिक होती. याचा अर्थ 20 उत्तरं पाठ करून घेतली की मूल कणखर होतं, असा मात्र कुणी काढू नये. खुद्द ड्यूक यांनीही ते बजावलं आहे. ती उत्तरं मुलांपर्यंत ज्या वाटेने पोचतात ती वाट महत्त्वाची: एकत्र जेवणं, सणवार, सुट्ट्या आणि गोष्टी सांगायला सवड असलेली मोठी माणसं. त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. ज्या घरात फक्त चढत्या कमानीची कहाणी सांगतात त्यापेक्षा, आपण कधी वर आलो, कधी खाली पडलो, पण एकत्र राहिलो, असं सांगणाऱ्या घरातली मुलं अडचणीत अधिक टिकतात. म्हणून तिसऱ्या दिवशी गप्पा निघाल्या की बुडालेलं दुकान, नापास झालेला काका, आजारपणात विकलेलं शेत, हेही मुलांच्या कानावर पडू द्या. "मुलांसमोर नको" म्हणून विषय बदलू नका.

इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात एकत्र कुटुंबाची खूण सांगितली आहे. एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचं अन्न खाणारी, मालमत्ता सामाईक असलेली, कुलाचार एकत्र करणारी आणि नात्याने बांधलेली माणसं म्हणजे एकत्र कुटुंब. आता आपल्या घराकडे बघा. छप्पर गेलं, महाल-इतवारीतले वाडे पडले आणि आपण मनीषनगर, बेसा, त्रिमूर्तीनगरात नाही तर हिंजवडीत फ्लॅट घेतले. चूल गेली. मालमत्तेची वाटणी झाली. पाचांतल्या दोनच गोष्टी राहिल्या, नातं आणि कुलाचार. त्यातलं नातं हे नुसतं वंशावळीत लिहून जिवंत राहत नाही. म्हणजे खऱ्या अर्थाने आपल्या हातात कुलाचार एवढाच उरला आणि तो वर्षातले तीन दिवस छप्पर आणि चूल आपल्याला परत देतो. वाटणीत घर वाटता येतं, शेत वाटता येतं, सोनंही तोलून वाटता येतं. महालक्ष्म्या वाटता येत नाहीत. ज्येष्ठा एका भावाकडे आणि कनिष्ठा दुसऱ्याकडे असं कुणी केलेलं ऐकिवात नाही. त्या जोडीनेच राहतात आणि म्हणून आपल्यालाही जोडून ठेवतात.

आता काही गोष्टी थोड्या कठीण आहेत, पण बोलायलाच हव्यात.

पहिली गोष्ट, मुलांना तिथे सुरक्षित वाटलं पाहिजे. आल्या आल्या "किती टक्के पडले?" हा प्रश्न येतो. कुणी रंगावर बोलतं, कुणी जाडीवर, कुणी दोन भावंडांना शेजारी उभं करून उंची मापतं. बोलणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण मूल ते वर्षभर मनात ठेवतं आणि पुढल्या वर्षी येताना पोट दुखतं म्हणतं. अशा वेळी आईबापांनी गप्प राहू नये. चारचौघांत भांडायचीही गरज नाही. "काका, टक्के राहू द्या, तो यंदा पोहायला शिकलाय ते विचारा," एवढं हसत म्हटलं तरी मुलाला कळतं की आपल्या बाजूने कुणीतरी आहे. पाया पडणं जरूर शिकवावं. पण मिठी मारायची की नाही, मांडीवर बसायचं की नाही, हे मुलाने ठरवू द्यावं. आणि इतकी माणसं एका घरात झोपतात तेव्हा कोण कुठे झोपणार, लहान मुलींना-मुलांना कोण न्हाऊ घालणार, याकडे आईने किंवा वडिलांनी जातीने लक्ष ठेवावं. मुलाने कुणाबद्दल "मला तिथे नाही झोपायचं" म्हटलं तर कारण न विचारता आधी जागा बदला, मग शांतपणे ऐका. घरचा माणूस आहे म्हणून मुलाचं बोलणं उडवून लावू नका. कुटुंबाची अब्रू मुलापेक्षा मोठी नाही.

दुसरी गोष्ट भावाभावांतल्या कुरबुरींची. कोणत्याही मोठ्या घरात त्या असतातच. वाड्याच्या पैशाचं, आईच्या औषधपाण्याचं, कुणी कुणाला लग्नात विचारलं नाही याचं. या गोष्टी मुलांपर्यंत बहुतेक परतीच्या प्रवासात पोचतात. आपल्याला वाटतं मागच्या सीटवर मूल झोपलंय. ते झोपलेलं नसतं. "तुझ्या काकूने साडी दिली ती बघितलीस?" इथून जे सुरू होतं ते ऐकून, काल रात्री ज्या चुलत बहिणीच्या कुशीत ते हसत होतं, ती त्याला परकी वाटायला लागते. तुमचं भांडण खरं असेल, तुमची बाजूही बरोबर असेल. ते तुमच्यापाशी ठेवा. चुलत भावंडं ही मुलांची मिळकत आहे, त्यावर आपल्या हिशेबाचा बोजा चढवू नका. उद्या आपण नसू तेव्हा दवाखान्यात रात्री कोण थांबणार, याचं उत्तर आजच्या त्या गाद्यांवर तयार होत असतं.

तिसरी गोष्ट बायकांच्या श्रमांची, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कितीतरी घरांत महालक्ष्म्या म्हणजे एकदोन सुनांची तीन दिवसांची न संपणारी राबणूक असते. सगळे गेल्यावर ती बाई आजारी पडते. तिची मुलगी ते बघते आणि मनाशी ठरवते की हे आपल्याला कधीच करायचं नाही. अशा रीतीने सण बंद पडतो आणि मग आपण नव्या पिढीला नावं ठेवतो. जे काम एकीला आजारी पाडतं ते वाटून घेतल्याशिवाय टिकणार नाही. मुलगे, जावई, पुरुष मंडळी यांनी भाज्या चिराव्यात, पुरण वाटावं, भांडी विसळावी. पोळ्यांना बाई लावावी. खर्च सगळ्यांनी आपण होऊन आधी पाठवावा, थोरल्या वहिनीला मागायची वेळ येऊ देऊ नये. फुलोऱ्याचे पदार्थ वाटून घेऊन प्रत्येकाने आपापल्या गावाहून करून आणावेत. पदार्थ दोन कमी झाले तर महालक्ष्म्या रागावत नाहीत. घरची लक्ष्मी अंथरुणाला खिळली तर मात्र सणाचा अर्थ काय राहिला?

याच ओघात आणखी दोन गोष्टी. वयात आलेल्या मुलीला नेमक्या त्या दिवसांत पाळी आली की तिला कोपऱ्यात बसवतात. सगळी भावंडं हसत-खेळत असताना ती एकटी बाजूला. तिच्या मनावर काय उमटतं याचा विचार करा. आणि आपली एखादी काकू, आत्या विधवा असेल तर सवाष्णींच्या पंगतीच्या दिवशी ती स्वयंपाकघरातच राहते. मुलं हेही बघत असतात. ज्या देवतांना आपण लेकीसारखं माहेरी बोलावतो, त्यांच्या समोर घरच्याच लेकींना आणि सुनांना दूर ठेवायचं, हे बदलायला हवं. आमच्याकडे मोठ्या आईने स्वतः पुढाकार घेतला. आपल्या विधवा जावेला हाताला धरून आरतीला पुढे उभं केलं आणि पुरणाच्या दिव्यांचं ताट तिच्या हाती दिलं. कुणी काही बोललं नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने एकदा पाऊल टाकलं की बाकीच्यांना बळ येतं. तुमच्या घरात ते पाऊल कोण टाकू शकेल, त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

एक उणीवही ध्यानात ठेवा. महालक्ष्म्या सासरघरच्या. त्या तीन दिवसांत मुलांना वडिलांकडचं गोत मिळतं, आईकडचं मिळत नाही. आईलाही आपल्या माहेरच्या महालक्ष्म्या कित्येक वर्षं बघायला मिळालेल्या नसतात. म्हणून भाऊबीजेला, उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा-मावशीकडचे दिवस तितक्याच कसोशीने राखा. आणि जमत असेल तर एखाद्या वर्षी तिच्या माहेरीच जा. सासरच्यांनी ते मोकळ्या मनाने होऊ द्यावं.

तुमच्या घरी महालक्ष्म्या नसतील, तरी हे सगळं तुम्हालाही लागू आहे. नागपुरात 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा दिली, आणि अशोक विजयादशमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी आजही शहरातल्या कितीतरी घरांत गावोगावचे नातेवाईक उतरतात, गाद्या पडतात, मोठी भांडी चढतात. कुणाकडे कुलदेवतेचं नवरात्र असतं, कुणाकडे ईद, कुणाकडे नाताळ, कुणाकडे नुसतंच आजीच्या वाढदिवसाला जमणं. निमित्त कोणतंही असो, वर्षातून एकदा सगळ्यांनी एका छपराखाली रात्र काढायची आणि मुलांना त्यात काम द्यायचं, हे सांभाळा.

आता व्यवहाराचं. कालनिर्णय हाती आलं की महालक्ष्म्यांच्या तारखांवर आधी खुणा करून ठेवा आणि शाळेचं वेळापत्रक मिळताच वर्गशिक्षकांना चिठ्ठी लिहा. शिक्षकही माणसं आहेत, चार महिने आधी सांगितलं तर बहुतेक जण समजून घेतात. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं, तो दिवसही लिहून ठेवा. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये शेवटच्या टप्प्यासह सुरू झाला, मुंबई ते नागपूर 701 किलोमीटर. पण लेकरं सोबत असताना दिवसभराचं ऑफिस करून रात्रभर गाडी चालवू नका, वाटेत मुक्काम करा. तिन्ही दिवस खरंच जमत नसतील तर पूजेची सकाळ ते रात्र असं उडतं येण्यापेक्षा दुसरा आणि तिसरा दिवस घ्या. मुलांना आवराआवर आणि गप्पा तरी मिळतील. थोरल्या घरी जागा कमी असेल तर शेजारच्या सोसायटीत एक फ्लॅट तीन दिवसांसाठी घ्या, पण सगळी मुलं एकाच ठिकाणी झोपतील असं बघा. मोबाइल काढून घेऊन रडारड करण्यापेक्षा मुलांकडे फोटो आणि गोष्टी टिपायचं काम द्या.

आणि शेवटचं. थोरल्या घरची ती बाई, जिला डाळीचं प्रमाण तोंडपाठ आहे, कोणत्या पेटीत कोणते दागिने ते डोळे मिटून सांगता येतं, कोणाला कोणती पूजा, कोणाला कोणता मान हे जिच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, ती आता थकत चालली आहे. मोठी कुटुंबं भांडणाने तुटतात असं आपण समजतो. पुष्कळ कुटुंबं भांडण न होता विखुरतात, कारण सगळं ज्या एका माणसाला येत होतं ते माणूस जातं आणि पुढच्यांना काहीच येत नसतं. म्हणून यंदा तिसऱ्या दिवशी मुलाच्या हातात एक वही द्या आणि त्याला मोठ्या आजीजवळ बसवा. तिने सांगावं, त्याने लिहावं: किती माणसांना किती डाळ, आंबिलीला ज्वारी कधी भिजवायची, साड्यांचा क्रम काय, पाहुण्यांत कोणाला काय चालत नाही. आणि निघण्यापूर्वी तुम्ही तिला सांगा, "पुढच्या वर्षी यातलं एक काम कायमचं आमच्याकडे. कोणतं ते तुम्ही ठरवा." ती नको नको म्हणेल. तरी घ्या. मुलांच्या देखत घ्या, म्हणजे पुढे तुमच्याकडून ते कसं घ्यायचं हे त्यांना ठाऊक असेल.